शोधाच्या वाटेवर शब्बाथचे ताट

पुण्याच्या नारायण पेठेच्या कडेने निघणारा लक्ष्मी रस्ता पूर्वेकडे थेट क्वार्टर गेटपर्यंत जातो. या एका रस्त्याच्या दोन टोकांमध्ये आणि आसपास पुण्याचा धार्मिक इतिहास दाटीवाटीने वसलेला आहे. नारायण पेठेत केसरीवाडा व मोदी गणपती आहेत. रास्ता पेठेत बेने इस्राएल यहुद्यांचे ‘सुक्कथ शलोमो’ हे सभास्थान आहे. क्वार्टर गेटपाशी पेशवाईत, १७९२ साली, आरंभ झालेले आपले सिटी चर्च आहे. तेथून थोडे पुढे कॅम्पात डेव्हिड ससून यांनी बांधविलेले आणि १८६७ मध्ये पूर्ण झालेले ‘ओहेल डेव्हिड’ सभास्थान आहे. पुणेकर त्याला त्याच्या तांबड्या विटांमुळे ‘लाल देऊळ’ म्हणतात. यहुदी समाज आपल्याला परका नाही, हे सांगण्यासाठीच हा रस्ता आम्ही आरंभी वाचकांपुढे ठेवला आहे.

परंतु गेल्या काही दशकांत महाराष्ट्रात व भारतात एक निराळा यहुदी पाहुणा दिसू लागला. पाठीवर मोठी पिशवी, अंगावर सैल सुती कपडे, हातात प्रवासाची जीर्ण मार्गदर्शिका असा हा तरुण किंवा तरुणी इस्राएलमधून येते आणि धरमशाळेच्या डोंगरात, बोधगयेत, इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात किंवा काठमांडूच्या बौद्ध मठात मनःशांती शोधते. या तरुणांच्या मागोमाग त्यांच्याच धर्माचे काही गुरू आपल्या कुटुंबासह भारतात येऊन राहिले. ते का आले? बौद्ध वातावरणात रमलेल्या आपल्या मुलांना ते काय देतात? आणि त्यांच्या कार्यातून आपण काय समजून घ्यावे? या लेखात या प्रश्नांचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

शोधयात्रा जुनीच आहे

घर सोडून बुद्धाच्या मार्गाचा शोध घेणे ही परदेशी तरुणांनी काढलेली नवी रीत नव्हे. मराठी वाचकांना धर्मानंद कोसंबी यांचे नाव ठाऊक आहे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेला हा तरुण १८९९ मध्ये संस्कृत शिकण्यासाठी घर सोडून पुण्यास आला. पुढे काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा खडतर प्रवास करून त्यांनी बौद्ध धर्माचे मूळ ग्रंथ अभ्यासले व भिक्षुदीक्षाही घेतली. कालांतराने ते गृहस्थाश्रमात परतले आणि १९१२ पासून काही वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली भाषा शिकवू लागले. त्यांच्या ज्ञानाचा लाभ साऱ्या महाराष्ट्राला झाला. परंतु त्यांच्या भ्रमंतीच्या वर्षांत पत्नी व लहान मुलगी मागे राहिली होती, हेही विसरता येत नाही. शोधयात्रेला नेहमी दोन बाजू असतात. एक निघालेल्याची, दुसरी मागे राहिलेल्यांची.

यहुदी समाजाने ही दुसरी बाजू विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फार तीव्रतेने अनुभवली. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील अनेक यहुदी तरुण बौद्ध ध्यानाकडे वळले. जोसेफ गोल्डस्टीन, शॅरन साल्झबर्ग व जॅक कॉर्नफील्ड हे पाश्चात्त्य जगातील बौद्ध ध्यानाचे तीन अग्रगण्य शिक्षक यहुदी घरांतच जन्मले. त्यांतील गोल्डस्टीन व साल्झबर्ग यांनी बोधगयेत साधना केली होती. ज्या समाजाने युरोपातील भीषण संहारात साठ लाख माणसे गमावली, त्या समाजाला आपल्या उरलेल्या मुलांपैकी एकेक जण दूर जाताना पाहणे किती जड गेले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

भारत व इस्राएल यांच्यात जानेवारी १९९२ मध्ये पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले आणि इस्राएली प्रवाशांचा ओघ वाढला. इस्राएलमध्ये बहुतेक यहुदी तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागते; मुलांना सुमारे तीन व मुलींना सुमारे दोन वर्षे. त्या सेवेतून सुटल्यावर हाती आलेले पैसे घेऊन काही महिने दूरदेशी भटकण्याची तेथे जणू प्रथाच पडली आहे. वयाच्या विशीत ज्यांनी बंदूक वाहिली, पहारे दिले, कधी मित्रांचे मरण पाहिले, त्यांना शांततेची ओढ लागली तर त्यात नवल ते काय? हिवाळ्यात गोवा, हम्पी, पुष्कर आणि उन्हाळ्यात मनाली, कसोल, धरमकोट, लेह अशी त्यांची वाट ठरून गेली. धरमशाळेच्या वर असलेल्या धरमकोट या छोट्या गावात तर हिब्रू पाट्या सर्रास दिसतात. त्या गावाशेजारीच दलाई लामांचे निवासस्थान असलेले मॅक्लिओडगंज आहे.

महाराष्ट्रातील थांबे

महाराष्ट्रात या प्रवाशांचे प्रमुख आकर्षण म्हणजे नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी. ब्रह्मदेशात जन्मलेले सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये भारतात आले व विपश्यना ध्यान शिकवू लागले. १९७६ मध्ये इगतपुरीचे ‘धम्मगिरी’ केंद्र सुरू झाले. मुंबईजवळ गोराई येथील भव्य विपश्यना पगोडा, ज्याचे उद्घाटन फेब्रुवारी २००९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले, तो आपल्या उत्तनच्या व वसईच्या वाचकांचा परिचित शेजारी आहे.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य बौद्ध बांधवांची धम्माशी असलेली ओळख १४ ऑक्टोबर १९५६ या दिवसाशी जोडलेली आहे. त्या दिवशी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्यांच्यासाठी धम्म म्हणजे मानवी प्रतिष्ठा, समता व गुलामीतून सुटका होय. परदेशी प्रवासी ज्या बौद्ध धर्माच्या शोधात येतो तो प्रामुख्याने मौनाचा व ध्यानाचा असतो. एकाच बुद्धाकडे दोघेही पाहतात, पण दोघांची तहान निराळी आहे.

पुण्याच्या कोरेगाव पार्कमध्ये रजनीश यांनी १९७४ मध्ये स्थापिलेला आश्रमही या वाटेवरचा एक थांबा झाला. त्याला बौद्ध संस्था म्हणता येणार नाही. तथापि रजनीशांची अखेरच्या वर्षांतील प्रवचने मोठ्या प्रमाणात झेन परंपरेविषयी होती आणि तेथे येणाऱ्यांत इस्राएली तरुणही असत. म्हणूनच त्या परिसरात यहुदी धर्मगुरूंचे ‘छबाद हाऊस’ उभे राहिले.

छबाद म्हणजे काय?

‘छबाद’ हे नाव खोख्मा, बीना व दाअत या तीन हिब्रू शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनले आहे. त्यांचे अर्थ अनुक्रमे प्रज्ञा, आकलन व ज्ञान असे आहेत. पूर्व युरोपात अठराव्या शतकात यहुदी धर्मात हसीदी नावाची भक्तिप्रधान चळवळ उदयास आली. शुष्क पांडित्यापेक्षा अंतःकरणाचा आनंद व प्रार्थनेतील तळमळ तिने महत्त्वाची मानली. रब्बी श्नेऊर झाल्मन यांनी त्या चळवळीत छबाद शाखेची स्थापना केली. रशियातील ल्युबाविच या गावी तिचे केंद्र दीर्घकाळ होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, शाखेचे सहावे प्रमुख न्यूयॉर्कला आले. १९५१ मध्ये रब्बी मेनाखेम मेंडेल श्नेर्सन हे सातवे प्रमुख झाले व १९९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी या शाखेचे नेतृत्व केले. त्यांच्या पश्चात आठवा प्रमुख नेमला गेला नाही, तरी कार्य थांबले नाही.

श्नेर्सन यांनी एक साधी पण अवघड पद्धत रूढ केली. तरुण धर्मगुरू व त्याची पत्नी यांना जगाच्या एखाद्या कोपऱ्यात पाठवायचे, बहुधा आयुष्यभरासाठी. तेथे त्यांनी घर थाटायचे, मुले वाढवायची, खर्चासाठी बहुतांशी स्वतःच देणग्या गोळा करायच्या, आणि जो कोणी यहुदी दारात येईल त्याचे स्वागत करायचे. पाठवणी एकट्या पुरुषाची नसते, दांपत्याची असते. स्वयंपाकघर, मुलांचा कलकलाट, पाहुण्यांची ऊठबस हा त्या कार्याचा गाभाच आहे.

आपल्याकडे ‘धर्मकार्य’ म्हटले की धर्मांतराचा प्रश्न लगेच मनात येतो. म्हणून हे ध्यानात घ्यावे की यहुदी धर्म इतर धर्मीयांना आपल्यात आणण्याचा प्रयत्न करीत नाही. कोणी स्वतःहून यहुदी होऊ इच्छिले तरी रब्बी त्याला प्रथम परावृत्तच करतात. छबादचे कार्य केवळ यहुद्यांसाठी आहे. त्याला हिब्रूत ‘कीरुव्ह’, म्हणजे जवळ आणणे, असे म्हणतात. दूर गेलेला माणूस पुन्हा धर्माचरणाकडे वळतो त्यास ‘तशुवा’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ ‘परत फिरणे’ असा आहे. बौद्ध भिक्षूंशी वाद घालणे किंवा मठाबाहेर पत्रके वाटणे हा त्या कार्याचा मार्ग नाही.

शुक्रवारची संध्याकाळ

मग ते प्रत्यक्षात करतात तरी काय? याचे उत्तर शुक्रवारच्या संध्याकाळी मिळते. सूर्यास्ताबरोबर शब्बाथ सुरू होतो. त्याआधी घरातील स्त्री दिवे लावते. मग द्राक्षारसाच्या पेल्यावर आशीर्वाद म्हटला जातो, दोन पाव मोडून सर्वांना वाटले जातात, गाणी होतात, मासळी, सूप, भाज्या असे साग्रसंगीत जेवण होते. प्रवाशाला नाव विचारले जाते, घरची चौकशी होते. तो धर्म पाळतो की नाही याची परीक्षा घेतली जात नाही. आठवडाभर मठात राहिलेला, गळ्यात जपमाळ घातलेला मुलगाही त्याच पंगतीत बसतो.

नेपाळमधील काठमांडूत १९८९ पासून होत असलेले वल्हांडणाचे सामुदायिक भोजन याचे सर्वांत मोठे उदाहरण होय. मिसर देशातील दास्यातून झालेल्या सुटकेचे स्मरण करणारे हे भोजन एरवी घराघरांत होते. काठमांडूत मात्र हजाराहून अधिक प्रवासी एकत्र बसून ते घेत आले आहेत. डोंगर चढण्यासाठी किंवा मठात ध्यान शिकण्यासाठी आलेली मुले त्या रात्री निर्गमाची कथा ऐकतात. लहानपणी आजोबांच्या घरी ऐकलेली ती गीते त्यांतील अनेकांना तोंडपाठ असतात.

भोजनाखेरीजही कामे असतात. आजारी प्रवाशाला इस्पितळात नेणे, हरवलेल्या मुलाच्या आईवडिलांशी संपर्क साधणे, डोंगरात अपघात झाल्यास शोधपथकाला मदत करणे, कोणी मरण पावल्यास त्याचा देह मायदेशी पाठविण्याची व्यवस्था करणे. धर्माचरणाच्या बाबतीत आग्रह धरला जातो तोही एकेका लहान कृतीचा. १९६७ मध्ये श्नेर्सन यांनी यहुदी पुरुषांना तेफिलीन, म्हणजे शास्त्रवचने असलेल्या चामडी पेट्या, प्रार्थनेच्या वेळी दंडावर व कपाळावर बांधण्यास उद्युक्त करण्याची मोहीम सुरू केली. आजही छबादचा माणूस प्रवाशाला एवढेच विचारतो: आज तेफिलीन बांधशील का? आज दिवा लावशील का? पुढचे पुढे.

दहा दिवसांचे मौन आणि एका रात्रीची पंगत

तरीही येथे एक खरा पेच आहे, तो झाकून चालणार नाही. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिराचे नियम पाहावेत. साधकाने पूर्ण मौन पाळायचे असते. मद्य वर्ज्य असते. दुपारनंतर जेवण नसते; नव्या साधकाला सायंकाळी चहा व फळ मिळते. आणि शिबिराच्या काळात आपल्या धर्माचे सर्व विधी, प्रार्थना, जपमाळ व मंत्र बाजूला ठेवायचे असतात. विपश्यनेचे आचार्य सांगतात की हा कोणत्याही धर्माचा निषेध नाही, साधना निर्भेळ राहावी एवढाच हेतू आहे. आणि कोणालाही धर्म बदलण्यास सांगितले जात नाही.

आता यहुदी दृष्टीने हिशेब करावा. सलग दहा दिवसांत एक तरी शब्बाथ येणारच. त्या संध्याकाळी दिवा नाही, द्राक्षारस नाही, भाकर मोडणे नाही, गाणे नाही, शेजाऱ्याशी बोलणेही नाही. शब्बाथ पाळण्यासाठी जे जे करावे लागते ते सर्व नेमके बाजूला राहते. शिवाय तत्त्वज्ञानातील अंतरही मोठे आहे. यहुदी प्रार्थना एका जगन्निर्मात्या देवाला उद्देशून असते. बुद्धाच्या शिकवणीत सृष्टिकर्त्याला स्थान नाही. यहुदी धर्म माणसाला कुटुंब, करार व आज्ञा यांत बांधतो. बौद्ध साधना आसक्तीचे बंध सैल करायला शिकविते. मूर्तीपुढे वाकण्याचा प्रश्न तर मोशेच्या आज्ञांशीच भिडतो. या कारणांमुळे अनेक रब्बी अशा शिबिरांना स्पष्ट विरोध करतात.

परंतु केवळ मनाई करून तहान भागत नाही, हे त्यांच्यातील सुज्ञांनी ओळखले. श्नेर्सन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस यहुदी डॉक्टरांना व मानसोपचारतज्ज्ञांना आवाहन केले की ध्यानाचा मनाला होणारा लाभ खरा आहे. तेव्हा परधर्मीय उपासनेचा अंश नसलेली ध्यानपद्धती त्यांनी लोकांना उपलब्ध करून द्यावी. रब्बी आर्ये काप्लान यांनी यहुदी परंपरेतच दडलेल्या ध्यानमार्गांवर ग्रंथ लिहिले; सर्वसामान्यांसाठी असलेला त्यांचा ‘ज्युइश मेडिटेशन’ हा ग्रंथ १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाला जे बाहेर सापडले त्याचा उपहास न करता, ते आपल्या घरातही होते पण आपण त्याला दाखविले नाही, अशी ही कबुली होती.

बौद्ध बाजूनेही या प्रयत्नांना वैरभाव दाखविला गेला नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये यहुदी रब्बी व विद्वानांचे एक शिष्टमंडळ धरमशाळेत दलाई लामांना भेटले. त्यांचा दलाई लामांनी आस्थेने विचारलेला प्रश्न असा होता की, देश गमावून जगभर विखुरलेला तुमचा समाज दोन हजार वर्षे टिकला कसा? निर्वासित तिबेटी जनतेचा नेता या नात्याने त्यांना ते जाणून घ्यायचे होते. उत्तरादाखल पाहुण्यांनी घरातील शब्बाथ, वल्हांडणाचे भोजन, मुलांचे शिक्षण, स्मरणाचे विधी यांविषयी सांगितले. या भेटीवर रॉजर कामेनेट्झ यांनी लिहिलेले ‘द ज्यू इन द लोटस’ हे पुस्तक १९९४ मध्ये गाजले. दलाई लामांनी पुढेही अनेकदा पाश्चात्त्यांना सांगितले आहे की शक्यतो आपल्याच परंपरेत राहावे आणि बौद्ध धर्मातून उपयुक्त वाटेल तेवढे घ्यावे.

कोकणातील जुना दाखला

दूर गेलेल्या यहुद्यांना जेवणाच्या ताटावरून ओळखण्याचा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगाव येथे फुटलेल्या गलबतातून वाचले व कोकणातील खेड्यांत तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. शतके लोटली. ग्रंथ नव्हते, हिब्रू विसरली होती, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावावरून पडलेली आडनावे व मराठी बोली एवढीच ओळख उरली होती. मग डेव्हिड राहाबी नावाचा यहुदी त्यांच्यापर्यंत पोचला. परंपरेनुसार त्याने त्यांच्या स्त्रियांना निरनिराळे मासे शिजवायला दिले. त्यांनी खवले व पर नसलेले मासे बाजूला काढले. मोशेच्या नियमशास्त्रातील आहारनियम त्यांनी चुलीपाशी जपले होते. राहाबीला खूण पटली आणि त्याने त्यांना प्रार्थना व सणवार शिकविले.

पुढे या समाजाने आपली पंगत मराठी मातीतच मांडली. एलिया संदेष्ट्याच्या नावाने होणाऱ्या ‘मलिदा’ विधीत पोहे, गूळ, खोबरे व फळे असतात. द्राक्षारसाऐवजी मनुका भिजवून केलेले सरबत शब्बाथच्या आशीर्वादासाठी वापरले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांनी बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही रचली. १९४८ नंतर बहुसंख्य मंडळी इस्राएलला गेली. आज भारतात सुमारे पाच हजार यहुदी उरले आहेत व त्यांतील बहुतेक महाराष्ट्रात आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे इस्राएलहून आलेला एखादा प्रवासी आपल्या धर्माच्या शोधात रास्ता पेठेत गेला, तर तेथे त्याला मराठीत बोलणारे धर्मबंधू भेटतात.

दार उघडे ठेवण्याची किंमत

सर्वांसाठी दार उघडे ठेवणारे घर संकटासाठीही उघडे असते. रब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग व त्यांच्या पत्नी रिव्का २००३ मध्ये मुंबईत आले. कुलाब्यातील नरिमन हाऊस या पाच मजली इमारतीत प्रवाशांसाठी खोल्या, भोजनगृह व प्रार्थनास्थळ होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी तेथे घुसले. होल्ट्झबर्ग पतिपत्नींसह सहा जण मारले गेले. रिव्का त्या वेळी गरोदर होत्या. त्यांचा मुलगा मोशे जेमतेम दोन वर्षांचा होत होता. त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल या भारतीय ख्रिस्ती बाई खालच्या मजल्यावर लपल्या होत्या. सकाळी वरून बाळाच्या रडण्याचा आवाज आला तेव्हा त्या जिना चढून वर गेल्या, आईवडिलांच्या देहांशेजारी असलेल्या बाळाला उचलले आणि बाहेर धावल्या. पुढे त्या मोशेसोबत इस्राएलला गेल्या. तेथील शासनाने २०१० मध्ये त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिले. एका यहुदी बाळासाठी एका ख्रिस्ती स्त्रीने केलेले हे साहस आपल्या समाजाने लक्षात ठेवावे असे आहे.

पुण्यालाही या संकटाची झळ पोचली. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कजवळील जर्मन बेकरीत बॉम्बस्फोट होऊन १७ जण मरण पावले. डेव्हिड हेडली याने त्याआधी पुण्यातील ओशो आश्रम व छबाद हाऊस यांची पाहणी केली होती, असे तपासात उघड झाले. अशा घटनांनंतर दाराशी पोलीस पहारा आला. तरीही ऑगस्ट २०१४ मध्ये नरिमन हाऊसमधील छबाद केंद्र पुन्हा उघडण्यात आले आणि जानेवारी २०१८ मध्ये अकरा वर्षांचा मोशे आपल्या जन्मघरी येऊन गेला.

आक्षेप आणि विचार

या कार्यावर टीकाही होते. काही इस्राएली तरुण म्हणतात की आम्ही ज्यापासून काही दिवस दूर जायला निघालो तेच येथे पुन्हा समोर येते. काहींना छबादची कर्मठ जीवनपद्धती, विशेषतः स्त्रीपुरुषांच्या भूमिकांविषयीची, मान्य नसते. स्वतःचे जेवण, स्वतःची भाषा व स्वतःची माणसे सर्वत्र मिळाल्यामुळे तरुणांना भारताची खरी ओळखच होत नाही, असेही म्हटले जाते. हे आक्षेप निराधार नाहीत. अनेक जण जेवून निघून जातात व त्यांच्या जगण्यात काही बदल होत नाही. छबादच्या लोकांना हे ठाऊक आहे. तरीही पुढच्या शुक्रवारी ते तितक्याच ताटांची तयारी करतात.

आमच्या मते या कार्याचे मर्म येथेच आहे. प्रवाशाला परत आणण्यासाठी ते त्याच्या शोधाला खोटे ठरवीत नाहीत. त्याच्या वाटेवर त्याच्या घराची एक खोली नेऊन ठेवतात. आब्राहामने दुपारच्या उन्हात तंबूच्या दाराशी बसून तिघा अनोळखी पाहुण्यांना जेवू घातले, ही उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायातील कथा आपणही वाचतो. यहुदी परंपरा सांगते की त्याचा तंबू चारही दिशांना उघडा होता.

हा प्रश्न आपल्या उंबरठ्यापर्यंतही आला आहे. आपल्या धर्मग्रामांतील किती तरी तरुण विपश्यनेच्या शिबिरांना, योगवर्गांना जातात. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात इतर धर्मांतील सत्य व पवित्र गोष्टी ख्रिस्तसभा नाकारीत नाही, अशी भूमिका घेतली आणि यहुदी समाजाशी असलेले आपले आध्यात्मिक नाते ठामपणे सांगितले. १५ ऑक्टोबर १९८९ रोजी, कार्डिनल रॅट्झिंगर प्रमुख असताना, श्रद्धासिद्धान्त परिषदेने ख्रिस्ती ध्यानाविषयी एक पत्र काढले. पूर्वेकडील पद्धतींतून उपयुक्त ते घेता येईल, मात्र देवाशी व्यक्तिशः संवाद हे ख्रिस्ती प्रार्थनेचे स्वरूप झाकोळले जाऊ नये, असे त्यात म्हटले आहे. ही शिकवण आपल्या मुलांना माहीत असावी. पण पत्र वाचून दाखविणे पुरेसे होईल काय?

शिबिराहून परतलेल्या मुलाला आपण प्रथम काय विचारतो, याचा प्रत्येक कुटुंबाने विचार करावा. ‘रविवारची मिस्सा चुकविलीस ना?’ हा प्रश्न योग्य असला तरी पहिला असू नये. त्याला तेथे काय लाभले, दहा दिवस गप्प बसून त्याने काय ऐकले, हे आधी शांतपणे ऐकून घ्यावे. आपल्या परंपरेतही मौन आहे, एकांतसाधना आहे, अवीलाच्या संत तेरेजा व क्रूसाचे संत योहान यांच्यासारखे ध्यानाचे थोर गुरू आहेत, हे त्याला कोणी सांगितले होते काय? आणि पुणे, मुंबई, बंगळूर किंवा आखाती देशांत एकटे राहणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी रविवारच्या मिस्सानंतर एखाद्या कुटुंबाने आपल्या जेवणाच्या मेजावर एक जागा राखून ठेवली, तर ते कार्य लहान ठरणार नाही.

धर्मग्राम मंडळांनी या विषयावर चर्चा घडवून आणावी, असे आम्ही सुचवितो. पुण्याच्या वाचकांनी पूर्वपरवानगी घेऊन रास्ता पेठेतील सभास्थानास व लाल देवळास अवश्य भेट द्यावी. नारायण पेठेतून तेथे चालत जाता येते.